कुदळ लावण्याआधी

भिवंडी तालुक्यातल्या लोनाडला बौद्ध लेणी आहेत, शिलाहारकालीन शिवमंदिरही. भोवतालच्या मातीखाली काय दडले आहे, हे न खणताही अजमावता येते. जमिनीत वीजप्रवाह सोडून रोध मोजला, की दगडी पाया बहुधा जास्त रोध दाखवतो, ओल धरलेला बुजलेला खंदक कमी. चुंबकमापकाला भाजलेल्या विटा आणि भट्ट्या कळतात. पण इथला काळा बेसाल्ट स्वतःच चुंबकीय, त्यात आसपासच्या गोदामांचे लोखंडी पत्रे! भू-रडारच्या लहरी खाडीकाठच्या खारट चिकणमातीत लवकर विरतात. म्हणून खाडीपासून दूर, लोनाडसारख्या जागी सुरुवात रोधमापनाने करावी, असे मला ठामपणे वाटते. 1882मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप खणला, तेव्हा ही साधने नव्हती. उकरलेला थर पुन्हा रचता येत नाही, म्हणून आज ती वापरायलाच हवीत. चाचणीचा खड्डा मात्र टळत नाही. अवशेषांचा काळ सहसा त्यातूनच ठरतो.