‘सैनिक’ म्हणजे नेमका कोण? डहाणूवरून पाहू

लष्करी तक्रारींवर संशोधन करणार असाल, तर आकडेवारीआधी कायद्यातल्या व्याख्या वाचा. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा 2007 चा. काम 2009 मध्ये सुरू झालं, मुंबईतही खंडपीठ आहे. जवानाने आधी दलातच तक्रार करायची. सहा महिन्यांत निर्णय आला नाही, की इथे दाद मागता येते. पण कलम 3 बघा: ‘सेवाविषयक बाबीं’तून बदली, नेमणूक आणि रजा वगळल्यात. म्हणजे घरापासून लांब असलेल्या माणसाला रोज बोचणारे विषयच बाहेर! मला तरी ही सर्वांत मोठी फट वाटते.

आता डहाणूला या. इथे तटरक्षक दलाचं स्टेशन आहे. हे दल संरक्षण मंत्रालयाचंच, पण 1978 च्या स्वतंत्र कायद्याखालचं. न्यायाधिकरण मात्र लष्कर, नौदल आणि हवाई दलाच्या कायद्यांपुरतं. त्याच समुद्रातल्या नौसैनिकाला ते दार उघडं, तटरक्षकाला नाही. त्याने उच्च न्यायालयात रिट करायची. खर्च आणि वकील आलेच.

ब्रिटनमध्ये 2016 मध्ये सेवा तक्रारींसाठी लोकपालपद आलं. तक्रार हाताळताना झालेली दिरंगाईही तपासण्याचा अधिकार त्याला दिला गेला. तुलना जरूर करा, पण मुलाखतींसाठी माणसं निवडताना प्रत्येकाचा कायदा वेगळ्या रकान्यात नोंदवा.