एकट्याने ब्रेकमधील हवा काढण्यासाठी साधनांची निवड

जुन्नर-ओतूर भागातील टोमॅटो किंवा कांदा भरलेली पिकअप गाडी माळशेज घाट उतरून कल्याणच्या बाजारपेठेकडे निघते, तेव्हा पायाखालचे ब्रेक पेडल घट्ट असणे हेच चालकाचे व मालाचे खरे संरक्षण होय. पेडल दाबताच ते मऊ व लवचिक लागू लागले, तर ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरल्याचा संशय घ्यावा व गाडी भरण्यापूर्वीच त्याचा बंदोबस्त करावा.

हवा का घातक?

पायाचा दाब चाकापर्यंत पोहोचविण्याचे काम ब्रेक ऑइल करते. द्रव दाबाने आकसत नाही. हवा मात्र आकसते. त्यामुळे पायाचा जोर हवा दाबण्यातच खर्च होतो. शिवाय ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरल्यावर तो १४० अंशांच्या आसपास येतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० व १५५ अंश असे आहेत. लांब उतारावर ब्रेक तापले की जुने ऑइल उकळून त्याची वाफ होते आणि पेडल एकाएकी खाली जाते. म्हणून हवा काढताना जुने ऑइलही बदलून घेणे इष्ट होय.

हे काम सामान्यतः दोघांचे समजले जाते. एकाने पेडल दाबावयाचे व दुसऱ्याने चाकाजवळील निपल उघडावयाचे. परंतु वस्तीवर जाणता मदतनीस मिळतोच असे नाही, आणि निपल उघडे असता त्याने पेडल सोडले तर हवा पुन्हा आत शिरते. योग्य साधने असल्यास हे काम एकट्यालाही नीट करता येते.

प्रथम पाना

निपल पोकळ असल्यामुळे सहज मोडते. पकडीने किंवा उघड्या तोंडाच्या पान्याने त्याचे कोन झिजतात. सहा कोनांचा, नेमक्या मापाचा रिंग पानाच घ्यावा. ही मापे बहुधा ७, ८, १० किंवा ११ मिलिमीटर असतात. निपल गंजले असल्यास आदल्या दिवशी बाहेरून गंज सोडविणारे तेल लावावे व काम करण्यापूर्वी ते पुसून घ्यावे.

साधनांचे चार प्रकार

(१) साधी पारदर्शक नळी व बाटली : नळी निपलवर घट्ट बसवून तिचे दुसरे टोक बाटलीतील स्वच्छ ब्रेक ऑइलमध्ये बुडवावे. निपल सैल केल्यावर ऑइल आपल्या वजनाने ठिबकते. खर्च नाममात्र, परंतु वेळ फार लागतो व सर्व गाड्यांत ही रीत साधत नाही.

(२) एकमार्गी झडपेची नळी : झडप ऑइल बाहेर जाऊ देते, परत येऊ देत नाही. त्यामुळे चालकाच्या जागेवर बसून पेडल सावकाश दाबता व सोडता येते. एका गाडीच्या मालकास हेच साधन सर्वांत सोयीचे आहे.

(३) ओढून घेणारा हातपंप : हा निपलमधून ऑइल शोषून घेतो. मात्र निपलच्या आट्यांतूनही बाहेरची हवा ओढली जाते व नळीत बुडबुडे दिसतच राहतात. ते पाहून नवशिक्याची फसगत होते. आट्यांच्या बाहेरील भागास ब्रेकचे रबरी ग्रीस थोडे लावल्यास हा दोष कमी होतो.

(४) दाबाचे भांडे : हे ऑइलच्या टाकीवर बसवून दर चौरस इंचास १० ते १५ पौंड दाब ठेवतात. काम जलद व खात्रीचे होते. परंतु टाकीच्या तोंडास नेमके बसणारे झाकण लागते. अनेक गाड्या असलेल्या सहकारी संस्थेस हे साधन परवडेल.

फवारणीचा जुना पंप या कामी कदापि वापरू नये. त्यातील औषधाचा किंवा पाण्याचा अंश ब्रेक ऑइलमध्ये मिसळतो. इंजिन ऑइल तर थेंबभरही जाऊ देऊ नये. त्याने रबरी वायसर फुगतात व ब्रेक निकामी होतात.

कामाची रीत

गाडी सपाट जागी उभी करून चाकांस अडण लावावी. गाडी उचलल्यास केवळ जॅकवर विसंबू नये. खाली स्टँड द्यावेत. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करावा. उजव्या हाताच्या सुकाणूच्या गाडीत ते बहुधा मागील डावे चाक असते. तथापि गाडीच्या पुस्तिकेतील क्रम प्रमाण मानावा. दर पाच-सहा दाबांनंतर टाकी पाहावी. ती रिकामी झाल्यास हवा शिरून सारे श्रम वाया जातात. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नये. मास्टर सिलिंडरच्या गंजलेल्या भागावर घासून वायसर फाटण्याचा संभव असतो. नळीत बुडबुडे दिसेनासे झाले की प्रथम निपल आवळावे, मगच नळी काढावी. ए.बी.एस. असलेल्या गाडीत हवा त्या यंत्रणेतच अडकली असल्यास गाडी कार्यशाळेत न्यावी.

ऑइल सांडल्यास ते पाण्याने लगेच धुवावे, कारण त्याने रंग उडतो. काढलेले ऑइल विषारी असते. ते पाण्याच्या बाटलीत साठवू नये, तसेच शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

शेवटची कसोटी

इंजिन बंद ठेवून पेडल जोराने अर्धा मिनिट दाबून धरावे. ते हळूहळू खाली जाता कामा नये व कोणतेही निपल ओले होता कामा नये. नंतर रिकामी गाडी मोकळ्या सपाट जागी अगदी कमी वेगाने चालवून पाहावी. पेडल तरीही मऊ राहिल्यास दोष मास्टर सिलिंडरमध्ये किंवा नळीच्या गळतीत असू शकतो. तो जाणत्या कारागिराकडून दुरुस्त करून घ्यावा. तोपर्यंत गाडीत माल भरू नये. बाजाराचा एक दिवस चुकला तरी चालेल, परंतु अशी गाडी घाटात नेऊ नये.