जलपर्णी ओळखा आणि वेळीच कळवा

पवई तलावावर जांभळ्या फुलांची जी हिरवी चादर पसरते ती जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेची. फुले सुंदर म्हणून १९ व्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आणली गेली आणि देशभर पसरली. दादर-परळला दुकान आणि धारावी-कुर्ल्याला कारखाना किंवा गोदाम असलेल्या बांधवांनी तिची दखल घ्यायला हवी. पवई तलाव भरला की जादा पाणी मिठी नदीत येते आणि मिठी कुर्ला, धारावीकडून माहीमच्या खाडीला मिळते. वाहून आलेली जलपर्णी पुलाखाली किंवा नाल्याच्या तोंडाशी अडकली की पाणी तुंबते. २६ जुलै २००५ चा पूर काही जलपर्णीमुळे आला नव्हता, पण त्या दिवशी किती माल भिजला हे कुणाला सांगायला नको.

ओळख सोपी आहे. कापडाची पारख हाताने होते, तशीच हिचीही. पान गोलसर, जाड आणि चकचकीत. देठ फुग्यासारखा फुगलेला; कापला तर आत स्पंजासारखा पोकळ. झाड ओढले की मुळांसकट हातात येते आणि मुळे काळसर, पिसासारखी असतात. कमळ असे सहज निघत नाही, ते चिखलात रुजलेले असते. फुलाच्या वरच्या पाकळीवर मोरपिसाच्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका असतो. गोंडाळ नावाची दुसरी वनस्पतीही पाण्यावर तरंगते, पण तिला देठ नसतो. ती कोबीच्या गड्ड्यासारखी दिसते. तीही कळवावी.

सांडपाणी मिळाले की जलपर्णी दोन आठवड्यांत दुप्पट होते. म्हणून तुकडा लहान असतानाच, पावसाळ्याच्या आधी, महापालिकेच्या १९१६ क्रमांकावर खबर द्यावी. लेखी अर्ज द्यायचा तर तो दुकानाच्या नव्हे, वनस्पती जिथे आहे त्या वॉर्डात द्यावा: धारावी-माहीमसाठी दादरचे जी उत्तर कार्यालय, कुर्ल्यासाठी एल, पवईसाठी एस. जवळच्या पुलाचे किंवा रस्त्याचे नाव, अंदाजे लांबी-रुंदी, तारीख आणि फोटो द्यावा. "नाल्यात घाण आहे" एवढेच लिहिलेला अर्ज फायलीत पडून राहतो. तक्रार क्रमांक मागून घ्यावा.

आसाम-मणिपूरचे कारागीर वाळलेल्या देठांच्या टोपल्या विणतात. इथे कुणाला तसा धंदा सुचला तर चांगलेच, पण गटाराच्या पाण्यातली जलपर्णी जनावरांना घालू नये. ती पाण्यातले विषारी धातू शोषून घेते. कुंडीसाठी विकत आणलेले रोपही नाल्यात टाकू नये.