कडेला रुंदी असते का? ब्लेंडरमधला स्वच्छ बेव्हल

आज आपण ब्राह्मणपुरीत बसून लाकडी पाट बनवणार आहोत. रंध्याने नव्हे, ब्लेंडरमध्ये. तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेलेल्यांनी सत्तरीनंतर हे कशाला शिकावं? तर आमच्या नातीचं एक मॉडेल परत आलं होतं, कडांजवळ काळपट डाग दिसतात म्हणून. तिने बेव्हलची रुंदी कमी-जास्त करून पाहिली. दोष रुंदीत नव्हताच.

युक्लिडने रेषेला लांबी दिली, रुंदी दिली नाही. संगणकातली कड अगदी तशीच. आता घरातल्या पाटाच्या कडेवरून बोट फिरवा. सुतार शेवटी तिची धार मारतो, नाहीतर ती टोचते, टवके उडतात. त्या मारलेल्या धारेवरच उजेडाची बारीक रेघ चमकते. जिला रुंदीच नाही तिच्यावर उजेड पडणार कुठे? बेव्हल म्हणजे रेषेच्या जागी अरुंद पृष्ठं बसवणं, एवढंच.

आता पाट. ब्लेंडरचा मूळ ठोकळा २ मीटरचा. ऑब्जेक्ट मोडमध्ये ताणून-दाबून आपण तो ५० सेंमी लांब, ४० रुंद, ४ जाड केला. दिसायला पाट झाला, पण आतल्या हिशेबात तो अजून २ मीटरचाच ठोकळा आहे. फक्त लांबीला ०.२५, रुंदीला ०.२ आणि जाडीला ०.०२ ने गुणलेला. अशा पाटाला ५ मिमी बेव्हल द्या. आखूड बाजूच्या कडेवर तो वरून सव्वा मिमी आणि बाजूने जेमतेम ०.१ मिमी उतरेल. साडेबारा पटींचा फरक! म्हणून आधी कंट्रोल-ए दाबून 'स्केल' निवडायचं, मग बेव्हल.

दुसरी गोष्ट आमच्या आवडीची. लायबनिझ म्हणे, ज्यांच्यात काहीच भेद करता येत नाही त्या दोन वस्तू नव्हेतच, एकच. ब्लेंडरला हे मान्य नाही. एकाच जागी दोन बिंदू बसलेले असतात, डोळ्यांना एक दिसतात, पण पृष्ठं एकमेकांना जोडलेली नसतात. बेव्हलला तर कडेच्या दोन बाजूंना दोन पृष्ठं लागतात. नसली तर ती कड तो तशीच सोडतो. एडिट मोडमध्ये सगळं निवडा, एम दाबा, 'बाय डिस्टन्स' घ्या.

नातीचं दुखणं मात्र तिसरंच होतं. प्रत्येक पृष्ठ कुठे तोंड करून आहे हे सांगणारी दिशा म्हणजे 'नॉर्मल'. 'शेड स्मूथ' केलं की शेजारच्या पृष्ठांच्या दिशांची सरासरी निघते. मग सपाट फळीसुद्धा कडेकडे वाकल्यासारखी दिसते, आणि तो काळपटपणा तिथूनच येतो. जाळी निर्दोष, दिसणं सदोष! बेव्हल मॉडिफायरमध्ये 'हार्डन नॉर्मल्स' सुरू केलं की सपाट भाग सपाट राहतो, वळण फक्त बेव्हलपुरतं उरतं. ४.१ च्या आधीच्या आवृत्तीत 'ऑटो स्मूथ'ही लागतं, बरं का.

बाकी सोपं आहे. पाटाला ३ मिमी रुंदी आणि ३ सेगमेंट पुरेत. एकच सेगमेंट ठेवलात तर धार तिरपी कापल्यासारखी दिसेल. 'क्लॅम्प ओव्हरलॅप' बंद करू नका, नाहीतर समोरासमोरचे बेव्हल एकमेकांत घुसतात.