पहिली मेंदी, पण घाईची नको!

श्रावणात पेण आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गावांतील कारखान्यांमध्ये गणेशमूर्ती रंगवण्याची लगबग असते. त्याच सुमारास नागपंचमी येते आणि लेकीबाळींच्या हातांवर मेंदी चढते. पूर्वी या मेंदीचा थाट साधा असे. झुडपाचा पाला पाट्यावर वाटायचा, तळहाताच्या मधोमध ठसठशीत गोल, त्याभोवती ठिपके आणि बोटांच्या टोकांना टोप्या. कोनातून काढलेली कोयरी, जाळी आणि वेलबुट्टी नंतर आली.

लग्नघरातही पेण-रोह्याकडे मान हळदीचा. आगरी समाजात तर हळदीची रात्र म्हणजे लग्नाइतकाच मोठा सोहळा! मेंदीचा स्वतंत्र कार्यक्रम रुळला तो हिंदी चित्रपटांतील लग्नांच्या प्रभावाने. त्यामुळे लग्नानिमित्त गावी आलेल्या अनेक जणी, आणि हल्ली काही हौशी पुरुषही, आयुष्यात प्रथमच कोनाखाली हात धरतात. अशा नवख्यांनी नक्षीआधी कोनात काय भरले आहे, हे विचारायला हवे.

मेंदीच्या पानांत लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते. पाने वाटून किंवा पूड भिजवून ठेवली की ते मोकळे होते आणि त्वचेच्या वरच्या थरातील केराटिन या प्रथिनाला चिकटते. तळहात आणि तळपायांची त्वचा जाड असल्याने तिथे रंग अधिक खुलतो. मेंदी काढल्यावर प्रथम नारिंगी छटा दिसते. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पुढील एक-दोन दिवसांत ती तांबूस तपकिरी होते. म्हणूनच समारंभाच्या दोन दिवस आधी मेंदी काढावी. लेप सहा ते आठ तास ठेवावा, लिंबू-साखरेच्या पाण्याने ओलसर राखावा, नंतर तो खरवडून काढावा आणि शक्यतो दिवसभर हातांना पाणी लावू नये. त्वचेचा वरचा थर झडत जातो, तसा एक ते तीन आठवड्यांत रंगही उतरतो.

इतका धीर नसलेल्यांसाठी बाजारात ‘काळी मेंदी’ मिळते आणि धोका तिथेच आहे. मेंदीच्या पानातून कोळशासारखा काळा रंग निघत नाही, तासाभरात तर नाहीच. तो येतो बहुधा पॅराफिनिलिनडायअमिन, म्हणजेच पीपीडी या रसायनामुळे. केसांच्या काळ्या कलपात वापरले जाणारे हे द्रव्य त्वचेवर तासन् तास राहिले, तर खाज, सूज, पाण्याने भरलेले फोड येऊ शकतात. नक्षीच्या आकाराचा व्रणही मागे राहू शकतो. हा त्रास काही वेळा दोन-तीन आठवड्यांनी सुरू होतो. एकदा शरीराला त्याची अॅलर्जी जडली की ती सहसा जन्मभर राहते आणि पुढे साधा कलप लावतानाही तीव्र प्रतिक्रिया उमटू शकते. युरोपीय संघात केसांच्या कलपातही लावतेवेळी पीपीडीचे प्रमाण २ टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाही. अंगावरील नक्षीसाठी तर ते वापरताच येत नाही. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील कामगार रसायने हाताळताना हातमोजे घालतात. आपण मात्र असेच एक रसायन हौसेने उघड्या तळव्यावर रेखून घेतो!

शुद्ध मेंदी ओळखणे फारसे अवघड नाही. तिला ओल्या पाल्याचा, फार तर निलगिरी तेलाचा वास येतो. पेट्रोल किंवा रॉकेलसारखा उग्र दर्प आल्यास कोन बाजूला ठेवावा. ताजा भिजवलेला लेप काही दिवसांतच निकामी होतो. तेव्हा दुकानाच्या फळीवर महिनोन्महिने टिकणाऱ्या आणि घटक न छापलेल्या कोनाविषयी शंका घ्यावी. उत्तम मार्ग म्हणजे वस्त्रगाळ पूड आणून घरीच भिजवणे. राजस्थानातील सोजतच्या मेंदीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. प्रथमच लावणाऱ्यांनी आदल्या दिवशी मनगटाच्या आतील बाजूस एक ठिपका लावून पाहावा. तान्ह्या बाळांना मात्र मेंदी लावूच नये. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या बालकांत नैसर्गिक मेंदीमुळेही रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो.

काळ्या मेंदीनंतर आग होऊ लागली तर हात भरपूर पाण्याने धुवावेत आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. घरगुती लेपांचे प्रयोग करू नयेत.

पेणचा मूर्तिकार गणपतीच्या डोळ्यांची आखणी घाईने उरकत नाही. मेंदीलाही तिचा वेळ द्यावा. रंग सावकाश चढेल, पण निर्धास्तपणे मिरवता येईल.