अर्धापूरहून शांघाय: चार रात्रींची निवांत सहल कशी आखावी

चीनला फिरायला जाणं काही वर्षं जवळजवळ बंदच होतं. 2020मध्ये भारत-चीन थेट विमानं थांबली आणि पर्यटकांचा व्हिसाही मिळेनासा झाला. जुलै 2025मध्ये भारतीयांना पर्यटन व्हिसा पुन्हा मिळू लागला. ऑक्टोबरअखेर कोलकाता–ग्वांगझू विमान सुरू झालं आणि नोव्हेंबरात दिल्ली–शांघाय. त्यामुळे अर्धापूरच्या माणसालाही आता ही सहल आवाक्यात आली आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने शांघायच निवडावं असं माझं मत आहे. दिल्लीहून सुमारे सहा तासांत आपण थेट पोचतो, शहरभर मेट्रो आहे आणि पायी फिरण्यासारखं पुष्कळ आहे.

चार रात्रींसाठी एकच शहर घ्या. ‘एवढ्या लांब जातोय तर बीजिंगही करून येऊ’ हा मोह सगळ्यांनाच होतो. पण शांघाय ते बीजिंग वेगवान रेल्वेनेही साडेचार तासांच्या आसपास लागतात. जायचा नि यायचा अर्धा-अर्धा दिवस गेला की हातात उरते ती नुसती धावपळ. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी पाहायची इच्छा अनेक मराठी माणसांना असते. ती बीजिंगच्या दक्षिणेला शिजियाझुआंग शहरात आहे. तिच्यासाठी बीजिंगची वेगळी सहल करावी, ती घाईत उरकण्याची जागा नव्हे.

आता तारखा. 1 ऑक्टोबरपासूनचा आठवडा, त्यांचं चांद्र नववर्ष आणि मे महिन्याचे पहिले पाच दिवस टाळा. या दिवसांत सगळा चीन सुट्टीवर निघालेला असतो. जून-जुलैत शांघायला चिकट पाऊस असतो, ऑगस्टात उकाडा. एप्रिल, किंवा ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबर हे दिवस उत्तम. आपली दिवाळीची सुट्टी बहुधा त्यातच येते.

पासपोर्ट नसेल तर नांदेडच्या टपाल कार्यालयातल्या पासपोर्ट सेवा केंद्रासाठी ऑनलाइन वेळ घ्या. 36 पानांच्या साध्या पासपोर्टचं शुल्क 1500 रुपये आहे. पोलीस पडताळणीला वेळ लागू शकतो, म्हणून तीन-चार महिने हाताशी ठेवा. जुना पासपोर्ट असेल तर त्याची मुदत प्रवासाच्या वेळी किमान सहा महिने उरलेली हवी आणि कोरी पानं हवीत.

नावाच्या बाबतीत मराठी माणसाची हमखास गडबड होते. आपल्याकडे वडिलांचं किंवा पतीचं नाव मधे येतं, पासपोर्टवर ते स्वतःच्या नावाला जोडलेलं असतं आणि आधार कार्डावर स्पेलिंग भलतंच निघतं. तिकीट, व्हिसा अर्ज, हॉटेल आणि पैशांचं ॲप, सगळीकडे पासपोर्टवर जसं छापलंय तसंच अक्षर न् अक्षर लिहा. तिकीट दुसरं कुणी काढून देणार असेल तर नाव तोंडी सांगू नका, पासपोर्टच्या पानाचा फोटो पाठवा.

व्हिसाबाबत एक गैरसमज आधी दूर करू. चीनमध्ये दहा दिवस व्हिसाशिवाय राहता येतं, असे व्हिडिओ आपण पाहिले असतील. ती सवलत ठरावीक देशांच्या नागरिकांना आहे आणि त्या यादीत भारत नाही. आपल्याला पर्यटन व्हिसा घ्यावाच लागतो. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. महाराष्ट्र चीनच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाच्या हद्दीत येतो. अर्जासोबत पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो, जाण्या-येण्याचं तिकीट, हॉटेलचं आरक्षण आणि दिवसवार आराखडा लागतो. बँकेचा अलीकडचा खातेउताराही तयार ठेवा.

इथे पेच असा की व्हिसासाठी आरक्षण दाखवावं लागतं आणि आरक्षण करावं तर व्हिसाची खात्री नसते. म्हणून पैसे परत मिळतील असंच हॉटेल आणि तिकीट घ्या, थोडं महाग पडलं तरी. स्वस्तातलं, रद्द न होणारं तिकीट आधी काढून मग व्हिसाची वाट पाहत बसणं फार जिवाला लागतं. हॉटेल घेताना ते परदेशी पाहुणे घेतं का, तेही विचारून घ्या. परदेशी माणूस कुठे उतरलाय याची नोंद पोलिसांकडे व्हावी लागते. हॉटेलात ती हॉटेलवाले करतात. एखाद्या नातेवाइकाच्या घरी उतरलात तर 24 तासांत आपण स्वतः जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन ती करायची असते.

व्हिसा किती वेळा प्रवेश देतो हेही पाहा. एक प्रवेशाचा व्हिसा घेऊन मधे हाँगकाँगला चक्कर मारली, तर चीनची हद्द सोडल्याची नोंद होते आणि परत शांघायला येता येत नाही. चार रात्रींत हाँगकाँग नकोच.

सगळ्यात जास्त लक्ष पैशांकडे द्यावं लागतं. आपलं यूपीआय तिथे चालत नाही, आणि शांघायमध्ये भाजीवालाही मोबाइलवरच पैसे घेतो. त्यासाठी अलीपे नावाचं ॲप घरूनच उतरवून घ्या. त्यात पासपोर्टची माहिती भरायची आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं कार्ड जोडायचं. हे काम अर्धापुरात बसूनच का करायचं? कारण कार्ड जोडताना बँकेचा ओटीपी, म्हणजे एकदाच चालणारा सांकेतिक आकडा, आपल्या नंबरवर येतो. तिकडे सिम बंद असलं की सगळं अडतं. शिवाय आपल्या कार्डावर परदेशी व्यवहार बहुधा बंदच असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते सुरू करा आणि मर्यादा ठरवून द्या.

एकदा जोडलं की वापर अगदी आपल्या फोनपेसारखा. वाफेवरच्या पावांच्या गाड्यावर कोडची निळी चौकट लटकवलेली असते. ती स्कॅन करायची, रक्कम टाकायची आणि पडदा विक्रेत्याला दाखवायचा. काही दुकानांत उलटं असतं, आपला कोड आपण पुढे करायचा आणि ते स्कॅन करतात. एका वेळी 200 युआनपेक्षा मोठा व्यवहार असेल तर परदेशी कार्डावर तीन टक्के शुल्क लागतं, त्याहून लहान व्यवहाराला ते लागत नाही. युआन साधारण 12-13 रुपयांचा धरा. थोडे रोख युआन अधिकृत परकीय चलन विक्रेत्याकडून घेऊन ठेवा. नोट नाकारणं तिथे कायद्याने मना आहे, पण सुट्ट्यांची अडचण येते, म्हणून लहान नोटा मागून घ्या.

दुसरी मोठी अडचण इंटरनेटची. व्हॉट्सॲप, गूगल, यूट्यूब, फेसबुक तिथे बंद असतात. आपल्याच सिमवर रोमिंग पॅक, म्हणजे परदेशात आपलीच सेवा चालू ठेवण्याची योजना घेतली, तर ती चालतात, कारण जोडणी भारतातून फिरून येते. चूक अशी होते की माणूस हॉटेलच्या वायफायला फोन जोडतो, व्हॉट्सॲप बंद पडतं आणि घरी सगळे काळजीत. घरी बोलायचं असलं की वायफाय बंद करा. नकाशासाठी गूगलवर विसंबू नका, तिथे त्यावर ठिकाणं सरकलेली दिसतात. एमॅप हे चिनी नकाशाचं ॲप इंग्रजीतही आहे. भाषांतराच्या ॲपमध्ये चिनी भाषा आधीच उतरवून ठेवा.

अर्धापूर ते नांदेड अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. तिथून सचखंड एक्सप्रेस सकाळी सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नवी दिल्लीला पोचते. विमान त्याच संध्याकाळचं ठेवण्याचं धाडस करू नका, विशेषतः हिवाळ्यात. धुक्याने गाडी तासन्‌तास रखडू शकते. एक रात्र दिल्लीत मुक्काम करा.

सामानाबद्दल अर्धापूरकरांना एक सांगायलाच हवं: घरची केळी नेता येणार नाहीत. ताजी फळं, भाज्या, मांस, दूध-दही-लोणी चीनमध्ये नेण्यास बंदी आहे. शेंगदाण्याची कोरडी चटणी, मेतकूट, बिस्किटं बंद पाकिटांत घ्या.

निघण्यापूर्वी आगमन अर्ज ऑनलाइन भरून टाका, विमानतळावरची रांग वाचते. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं. पुदोंग विमानतळावर ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत जवळ येणाऱ्यांकडे वळू नका. चुंबकावर तरंगत धावणारी मॅग्लेव्ह गाडी 30 किलोमीटर अंतर आठेक मिनिटांत कापते, तिकीट 50 युआन, त्याच दिवसाचं विमान तिकीट दाखवलं तर 40. ती लोंगयांग रोडला सोडते, तिथून मेट्रो 2 क्रमांकाची. गंमत म्हणून एकदा जरूर बसा. सामान जास्त असेल तर मात्र विमानतळावरूनच मेट्रो 2 पकडा, सुमारे तासाभरात मध्यवर्ती भागात याल. विमान भल्या पहाटे उतरत असेल, तर मेट्रो सुरू होईपर्यंत थांबा किंवा अधिकृत टॅक्सीच्या रांगेत उभे राहा. पहाटे पोचलं तरी खोली दुपारीच मिळते, हे लक्षात घेऊन आदल्या रात्रीपासून आरक्षण केलेलं बरं.

हॉटेल पीपल्स स्क्वेअर किंवा पूर्व नानजिंग रोडच्या मेट्रोजवळ घ्या. मेट्रोचं भाडं 3 युआनपासून सुरू होतं आणि अलीपेतच प्रवासाचा कोड मिळतो. प्रत्येक स्थानकावर पिशवी यंत्रातून तपासतात. पासपोर्ट सतत जवळ ठेवा.

पहिल्या दिवशी झोप काढा आणि संध्याकाळी बंड या नदीकाठी जा. एका बाजूला शंभरेक वर्षांपूर्वीच्या दगडी इमारती, समोर हुआंगपू नदीपलीकडे 632 मीटर उंच शांघाय टॉवर आणि 468 मीटरचा ओरिएंटल पर्ल. महागड्या क्रूझपेक्षा दोन युआनची साधी फेरीबोट मला जास्त आवडते. कामावरून घरी जाणारे लोक सायकली घेऊन उभे असतात आणि तोच देखावा आपल्यालाही दिसतो.

पुढचे दिवस रोज एकच मोठी गोष्ट ठेवा. 1559मध्ये उभारायला घेतलेली यू बाग सकाळी दार उघडताच पाहा, ती सोमवारी बंद असते. दुसऱ्या दिवशी जुन्या फ्रेंच वस्तीतल्या झाडांच्या सावलीतून वूकांग रोडवर भटका. सकाळी फूशिंग बागेत म्हातारी माणसं ताई ची करताना, पत्ते खेळताना दिसतात. तिथे तासभर नुसतं बसायलाही काही हरकत नाही. एक दिवस मेट्रो 17 ने झूजियाजियाव या कालव्यांच्या गावाला जाऊन या, शनिवार-रविवार सोडून.

नांदेडच्या वाचकाला आणखी एक जागा जवळची वाटेल. 1880च्या दशकापासून शांघायच्या परकीय वसाहतीत शीख पोलीस होते. त्यांच्यासाठी 1908मध्ये दोंगबाओशिंग रोडवर गुरुद्वारा बांधला गेला. आता तिथे गुरुद्वारा नाही, लोक राहतात. बाहेरूनच पाहावं, कुणाच्या घरात डोकावू नये.

शाकाहारी माणसाने ‘मांस नको’ एवढंच सांगून भागत नाही. वांग्यात, टोफूत खिमा किंवा डुकराची चरबी येऊ शकते. ‘वो छ्र् सू’ म्हणजे मी शाकाहारी आहे, हे चिनी अक्षरांत लिहून फोनमध्ये ठेवा. बौद्ध पद्धतीच्या शाकाहारात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे माळकऱ्यांचीही सोय होते. 1922पासूनचं गोंगदेलिन हे नानजिंग रोडवरचं उपाहारगृह आणि जेड बुद्ध मंदिराचं भोजनालय भरवशाचं. नळाचं पाणी पिऊ नका. प्रत्येक खोलीत किटली असते, लोकही गरम पाणीच पितात. चहा-साखर घरून नेली असेल तर सकाळ आपल्या चहाने होईल.

नानजिंग रोडवर छान इंग्रजी बोलणारी तरुण मुलं ओळख काढून ‘चहा चाखायला चला’ म्हणतात. हसून नकार द्या, नाहीतर चहाच्या कपांचं बिल हजारो रुपयांवर जातं.

परतीच्या विमानाच्या तीन तास आधी पुदोंगला पोचा. दिल्लीत संध्याकाळी उतरणार असाल तर सचखंडचं तिकीट दुसऱ्या दिवसाचं काढा, आणि ते निघण्यापूर्वीच काढून ठेवा.