ध्यानाला बसल्यावर भीती का वाटते?

'डॉक्टरसाहेब, विपश्यनेला जावं म्हणतो. जाऊ का?' शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावात दवाखाना चालवणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकायला मिळतो. विचारणारे कधी निवृत्तीला आलेले शिक्षक असतात, कधी बीपीच्या गोळ्या घेणारी एखादी ताई, तर कधी स्पर्धा परीक्षेत तीनदा अपयश आलेला तरुण. सोयाबीनची रास झाली की हे विचारणे वाढते, कारण तेव्हाच दहा दिवस मोकळे मिळतात.

पूर्वी मी लगेच सांगायचो, 'जा, चांगलं असतं.' आता आधी चार प्रश्न विचारतो. हा बदल माझ्या स्वतःच्या अनुभवामुळे झाला.

डोकेदुखीपासून धम्मगिरीपर्यंत

मराठवाड्यात बुद्धवंदना, वर्षावासातले ग्रंथवाचन आणि विहारातला रविवार घरोघरी परिचयाचा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली आणि पुढे गावोगावी विहारे उभी राहिली. रोज तास-तास ध्यानाला बसण्याची सवय मात्र अनेकांना नंतर, शिबिरांमधून लागली. त्यात सत्यनारायण गोएंका यांचा वाटा मोठा. १९२४ साली ब्रह्मदेशातील मंडाले येथे जन्मलेले गोएंका व्यापारी होते. तीव्र मायग्रेनने त्यांना ग्रासले होते. १९५५ मध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे तिथल्या सरकारचे महालेखापाल होते आणि ध्यानही शिकवत. केवळ डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका, असे त्यांनी सुरुवातीलाच बजावल्याचे गोएंका पुढे अनेकदा सांगत. १९६९ मध्ये गोएंका भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी केंद्र सुरू झाले.

दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चारला घंटा होते. दिवसभरात सुमारे दहा तास बसायचे असते. बोलायचे नाही, फोन नाही, वाचन-लेखन नाही. पहिले साडेतीन दिवस फक्त श्वासाकडे लक्ष द्यायचे, याला आनापान म्हणतात. चौथ्या दिवसापासून शरीरावरच्या संवेदना डोक्यापासून पायापर्यंत तटस्थपणे पाहायच्या. याच टप्प्यावर 'अधिष्ठान' सुरू होते, म्हणजे तासभर हात-पाय न हलवता आणि डोळे न उघडता बसणे. शिबिराला शुल्क नसते, ते जुन्या साधकांच्या दानावर चालते. घरी परतल्यावर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसावे, असे सांगितले जाते.

पहिली पायरी सोपी होती

माझे पहिले शिबिर २०१६ मध्ये झाले. गुडघे दुखले, तिसऱ्या दिवशी पळून जावेसे वाटले, पण शेवटी मन हलके झाले. घरी आल्यावर रोजचा नेम मात्र अवघड गेला. पहाटे बसलो की देवळाचा भोंगा, मोटार चालू करायची हाक आणि दवाखान्याच्या दारातला पेशंट यांतले काही ना काही हजर असायचे. डुलकी लागायची, हिशेब आठवायचे, 'हे सगळं खरंच उपयोगाचं आहे का' अशी शंका यायची. बौद्ध परंपरेत या अडथळ्यांना पाच नीवरणे म्हणतात: कामच्छंद, व्यापाद (द्वेष), थीनमिद्ध (सुस्ती), उद्धच्च-कुक्कुच्च (अस्वस्थता आणि पश्चात्ताप) आणि विचिकिच्छा (शंका). अडीच हजार वर्षांपूर्वीच्या भिक्षूंनाही डुलक्या येत होत्या, याचा मला मोठा दिलासा वाटला.

नेम हळूहळू बसला. दुसरे शिबिरही चांगले गेले. मग मनाने घेतले की आता खोलवर जायचे. २०२२ मध्ये तिसऱ्या शिबिराला गेलो. सहाव्या दिवशी पहाटे चारची घंटा वाजली आणि मी अंथरुणात ताठ झालो. छाती धडधडत होती, तोंड कोरडे पडले होते, हात गार झाले होते. खोली हलते आहे असे वाटले. खोली जागच्या जागी होती.

पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनाची रात्र संपत आली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी सातवीत होतो. दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो माणसे गेली. आमच्या घराची एकच भिंत खचली. आम्ही सगळे वाचलो. औसा तालुक्यातल्या आत्याच्या घरातले दोघे गेले. दुसऱ्या दिवशी वडिलांबरोबर मी तिथे गेलो होतो. जे पाहिले त्याबद्दल घरात पुढे कधीच कोणी बोलले नाही. मी डॉक्टर झालो, लग्न झाले, मुले झाली. ती पहाट मागे पडली असे मी समजत होतो.

शिबिराच्या अर्जात मानसिक आजार आहे का, औषधे चालू आहेत का, असे विचारलेले असते. मी 'नाही' लिहिले होते, कारण निदान कधी झालेच नव्हते. शिबिरात सहायक आचार्यांनी 'कसं चाललंय?' असे विचारले, तेव्हाही 'ठीक आहे' म्हणालो. डॉक्टर असून घाबरतो, हे सांगायची लाज वाटली. चूक माझी होती.

घरी आल्यावर रोज पावणेचारच्या सुमारास जाग येऊ लागली. ट्रक गेला तरी दचकायचो. समोर पेशंट बोलत असताना आवाज लांबून येतो आहे असे वाटायचे. मला वाटले, साधना कमी पडते आहे, म्हणून मी बसण्याचा वेळ दोन तासांवरून तीन तासांवर नेला. त्रास आणखी वाढला. शेवटी पत्नीच म्हणाली, 'अहो, तुम्ही ध्यानाला बसता की स्वतःला शिक्षा करता?'

लातूरला मानसोपचार करणारा माझा वर्गमित्र आहे. त्याने सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, 'हाच पेशंट तुझ्याकडे आला असता, तर तू त्याला आणखी एक तास बसायला सांगितलं असतंस का?'

शरीरात काय घडते?

मोठ्या आघाताच्या वेळी मेंदूतला अमिग्डला हा भाग धोक्याची खूण साठवतो. तीत प्रसंगासोबत वेळ, आवाज, अंधार आणि छातीतली धडधडही असते. एरवी कामाच्या धबडग्यात या खुणांकडे लक्ष जात नाही. शिबिरात बोलणे बंद, झोप कमी आणि दिवसभर लक्ष शरीराच्या आत. धडधड जाणवते, ती जाणवल्याने भीती वाटते, भीतीने धडधड वाढते. तटस्थ राहता आले तर हे चक्र तुटते. पण भीती फार मोठी असेल तर तटस्थ राहणारा मनाचा भागच तिच्याखाली दबतो. तेव्हा जास्त वेळ बसणे म्हणजे जखमेवरची खपली रोज काढणे होय.

असे होणारा मी एकटा नाही. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये बौद्ध परंपरेतल्या पाश्चात्त्य साधकांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भीती, निद्रानाश, जुन्या आठवणी उफाळणे, अलिप्तपणा असे एकूण ५९ प्रकारचे अनुभव नोंदवले आहेत. २०२० मध्ये ८३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात त्रासदायक परिणामांचे प्रमाण सुमारे ८ टक्के निघाले. प्रयोग म्हणून केलेल्या अभ्यासांत ते ४ टक्क्यांच्या आत होते, तर निरीक्षणात्मक अभ्यासांत ३३ टक्क्यांपर्यंत गेले. चिंता आणि नैराश्य हे त्यातले नेहमीचे त्रास. मानसोपचारातही साधारण ८ टक्क्यांच्या आसपास लोकांना असा त्रास होतो, असे हेच संशोधक म्हणतात. म्हणजे ध्यान घातक नाही, पण ज्याचा परिणाम होतो त्याचा दुष्परिणामही होऊ शकतो, हे औषधाइतकेच ध्यानालाही लागू आहे.

फायद्याची बाजूही तितकीच खरी आहे. २०१४ मध्ये ४७ चाचण्यांतील ३,५१५ जणांच्या माहितीचा आढावा घेतला गेला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाने थोडी ते मध्यम सुधारणा होते, असा त्याचा निष्कर्ष होता. अमेरिकेत २७६ चिंताग्रस्त रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत आठ आठवड्यांचा सजगतेचा वर्ग एस्सिटालोप्रॅम या गोळीच्या तोडीस तोड ठरला. पण तो वर्ग आठवड्यातून एकदा अडीच तासांचा आणि घरी रोज पाऊण तासाचा होता, दिवसाला दहा तासांचा नव्हे. तो वाचून कुणी चालू गोळ्या बंद करू नयेत. 'आठ आठवड्यांत मेंदूची रचना बदलते' हा दावाही जपून घ्यावा. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या २०२२ च्या मोठ्या अभ्यासात असा बदल दिसला नाही.

बुद्धांनीही पद्धत बदलली होती

पाली साहित्यात वैशालीची एक कथा आहे. शरीराच्या अशुभतेवर ध्यान करता करता काही भिक्षूंना स्वतःच्या देहाची इतकी घृणा वाटली की त्यांचे प्राण गेले. एकांतातून परतल्यावर बुद्धांना संघ विरळ दिसला. कारण कळल्यावर त्यांनी भिक्षूंना श्वासावरचे ध्यान शिकवले. सोण या भिक्षूची कथा त्यापेक्षा परिचित आहे. चालत ध्यान करताना त्याच्या पायांतून रक्त आले, तरी मन शांत होईना. तो पूर्वी वीणा वाजवायचा. तार फार ताणली किंवा फार सैल सोडली तर सूर लागत नाही, याची आठवण बुद्धांनी त्याला करून दिली. साधकाला त्रास झाला तर पद्धत आणि मात्रा बदलायची, ही गोष्ट परंपरेतच आहे. आपणच 'त्रास झाला म्हणजे साधना कमी पडली' असे गृहीत धरतो.

माझ्या मित्राने मला चार महिने लांब बैठक बंद ठेवायला सांगितली. झोपेसाठी थोडे दिवस औषध दिले आणि समुपदेशनाच्या बैठका सुरू केल्या. एकोणतीस वर्षांनी मी प्रथमच आईशी त्या पहाटेविषयी बोललो. तीही सप्टेंबर अखेरीस झोपत नाही, हे मला तेव्हा कळले. पुढे रोज दहा मिनिटे बसू लागलो, तेही डोळे अर्धे उघडे ठेवून, लक्ष छातीऐवजी जमिनीला टेकलेल्या तळपायांकडे देऊन. भीती वाढली की उठून अंगणात चालायचो. आता रोज चाळीस मिनिटे बसतो. पहाटे कधी कधी अजूनही जाग येते. धडधड होते आणि ओसरते. ती ओसरताना पाहता येते, एवढा फरक पडला आहे.

जाण्यापूर्वी हे पाहा

* पूर्वी नैराश्य, तीव्र भीती, भास किंवा आत्महत्येचे विचार झाले असतील, मोठा अपघात किंवा आपत्ती सोसली असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला आणि अर्जात खरे लिहा. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी असे शिबिर करू नये, असे शिबिरवालेही सांगतात.
* मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा विचारून मात्रा ठरवून घ्यावी. दुपारनंतर पूर्ण जेवण नसते, त्यामुळे साखर उतरू शकते. चालू औषधे परस्पर बंद करू नका.
* पायाला मुंग्या येणे हे नसेवरच्या दाबामुळे होते आणि हालचालीने जाते. उठल्यावरही पाऊल उचलता येत नसेल, तर खुर्ची मागून घ्या आणि तपासून घ्या.
* दोन रात्री झोप नाही, सतत भीती, सगळे खोटे वाटणे, आवाज ऐकू येणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी आचार्यांना सांगा. शिबिर अर्ध्यात सोडणे म्हणजे हार नव्हे.
* घरी परतल्यावर त्रास वाढत असेल तर वेळ कमी करा. 'टेली-मानस'च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो.

गेल्या आठवड्यात एक काका आले. किल्लारी परिसरातून इकडे येऊन स्थायिक झालेले. त्यांनीही तोच प्रश्न विचारला. मी विचारले, 'काका, भूकंपाच्या वेळी तुम्ही कुठं होता?' ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बोलू लागले. बाहेर पेशंट थांबले होते, तरी मी त्यांना थांबवले नाही. त्यांना शिबिराला जाऊ नका असे मी सांगितले नाही. आधी दोन महिने रोज पंधरा मिनिटे बसा, एकदा लातूरला जाऊन माझ्या मित्राला भेटा, मग ठरवू, एवढेच म्हणालो.